टोच्याने पाडलेली अक्षरं

सरकारी शाळेतल्या हेडमास्तरांशी माझं पटलं नाही, म्हणून मी अंधांची शाळा काढली, असं सांगितलं की लोक हसतात. पण खरं कारण तेवढंच होतं. परोपकार वगैरे मागाहून सुचला. विलायतेत आंधळ्यांना उठावाच्या अक्षरांवरून बोटं फिरवून वाचायला शिकवतात, असं एका वर्तमानपत्रात माझ्या वाचनात आलं होतं. तिकडे होतं ते ठाण्यात का होऊ नये, असं मी चारचौघांत बोलून गेलो. बोललेला शब्द मागे घ्यायचा माझा स्वभाव नाही, त्यामुळे महिन्याभरात नोकरी सोडून घरी बसलो.

शाळेला जागा मिळाली कोपरीत, भाताच्या कोठारात. कोठार एका ख्रिस्ती शेतकरीण बाईंचं होतं. त्यांचा मुलगा बोटीवर कामाला. त्याला पत्रं लिहायची आणि त्याची आली की वाचून दाखवायची, हेच आमचं भाडं. भात भरायच्या दिवसांत शाळा आंब्याखाली भरे, कोठार रिकामं झालं की पुन्हा आत. विद्यार्थी सात. बहुतेकांचे डोळे लहानपणी देवी येऊन गेलेले. त्यांतले दोघे माझ्याहून वयाने मोठे होते आणि मला मास्तर म्हणायचं सोडून 'बाळा' म्हणत. दुपारी सगळ्यांच्या पोटात पेज जावी म्हणून मी सकाळी घरोघर हिंडून मूठ मूठ तांदूळ मागे. मास्तरांनी उतारवयात माधुकरी सुरू केली, असं लोक बोलत, ते मी मोठ्या अभिमानाने घरी सांगे. बायको म्हणे, "तांदूळ लोकांच्या घरचे कमी नि आपल्याच डब्यातले जास्त जातात."

विलायती उठावाची पुस्तकं परवडणारी नव्हती आणि असती तरी ती इंग्रजी. सुताराकडून लाकडात बाराखडी कोरून घ्यायची, तर त्याने सांगितलेल्या मजुरीत शाळा वर्षभर पेज प्यायली असती. मग मला युक्ती सुचली. युक्ती सुचली की मी फार धोकादायक होतो. कचेरीतल्या एका ओळखीच्या कारकुनाकडून रद्दीत निघालेले जाड कागद आणले, त्यांवर शाईने बोटभर मोठी अक्षरं काढली आणि प्रत्येक रेघेवर टोच्याने जवळजवळ भोकं पाडली. कागदाच्या मागच्या बाजूला भोकाभोकापाशी खरखरीत उंचवटे आले. शिकवताना मी तो कागद माझ्या आणि विद्यार्थ्याच्या मध्ये उभा धरी. शाईची बाजू माझ्याकडे, खरखरीत बाजू त्याच्या बोटांकडे. मी म्हणे, "हा क." तो चाचपून म्हणे, "हा क." दोघांचंही समाधान होई.

सगळ्यांत हुशार होती ती मिठागरावरची मुलगी. वय बारा-तेरा. बाप आगरी, खाडीकाठच्या मिठागरावर राबणारा. मुलीचा गळा गोड, आणि तेच तिच्या मुळावर आलं होतं. तिचा एक काका कल्याणला असे. तिथे गाड्या बदलणारे उतारू तासन्‌तास ताटकळत बसतात. त्यांच्यापुढे पोरीला वाटी देऊन गायला बसवावी, असा त्याचा आग्रह. बापाला ते मनातून नको होतं. पण आपल्यामागे हिचं काय, या प्रश्नाला त्याच्यापाशी दुसरं उत्तर नव्हतं. मी ऐटीत सांगून टाकलं, "ही वाचायला लागली की इथेच राहील, दुसऱ्यांना शिकवील. माझ्या हाताखालची मास्तरीण करतो तिला."

बाप म्हणाला, "दिवालीपर्यंत ठेवतंव मास्तर. वाचाया लागली तर तुमची. नाय तर तिचा काका येल न्यायला."

मुलगी तिथेच बसली होती. त्या दिवसापासून पेज संपली की ती इतरांसारखी आडवी होईना. कागद मांडीवर घेई आणि ओठ हलवत बसे. आठ महिन्यांत ती शब्द वाचू लागली.

मांडीवर कागद घेऊन वाचताना तिची बोटं उजवीकडून डावीकडे चालत. तिचीच नव्हे, सातही जणांची. शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी सिद्धान्त मांडला. डोळस माणसाचा ओढा हृदयाच्या बाजूला, म्हणून तो डावीकडून सुरुवात करतो. दृष्टी गेली की शरीराचा तोल फिरतो आणि ओढा उजवीकडे जातो, असं मी गावातल्या वाचनमंडळात तासभर सांगितलं. टाळ्या पडल्या. फारसीदेखील उजवीकडूनच वाचतात, असा दाखला एका वकिलाने उठून दिला, तेव्हा मी त्याचे जाहीर आभार मानले.

दिवाळीच्या आठ दिवस आधी शाळा तपासायला डिपुटी आले. तपासणीत शाळा उतरली तर सरकारातून थोडी मदत सुरू व्हायची होती. मी मुलीला पुढे केलं. तिने तीन कागद धडाधड वाचले. डिपुटी म्हणाले, "मास्तर, हे पाठही असू शकेल." आणि त्यांनी आपला पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला. त्यावर तांबटाने ठोक्याठोक्यांनी त्यांचं नाव घातलेलं होतं. मुलीने तांब्या फिरवला, पुन्हा फिरवला.

"मास्तर, ही अक्षरां नाय."

"नीट बघ," मी म्हटलं. आंधळ्या मुलीला.

"अक्षरावानी लागतान," ती म्हणाली, "पन त्यांचा त्वांड भलतीकरं हाय."

डिपुटींनी तांब्या घेतला. "पोपटसुद्धा छान बोलतात," एवढंच म्हणाले आणि छत्री उचलून निघाले. मुलीने मला विचारलं, "आता काका येल का?" मी तिच्यावरच खेकसलो, की तुझा सराव कमी पडला, तू माझं नाक कापलंस. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला आणि त्यातला बराचसा विसरलोही, पण त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी कोठाराच्या मालकीणबाई मुलाचं पत्र वाचून घ्यायला आल्या. मी पत्र वाचत असताना त्यांनी सहज एक कागद उचलला आणि खरखरीत बाजू दाराच्या उजेडात धरली.

"मास्तर, पोरांना उलटी बाजू कशाला शिकवतंस?"

"बाई, तुम्हाला वाचता येतं का?"

"नाय येत. अक्षराला उलटं-सुलटं असतं का, ते मना ठावं नाय. लुगऱ्याला असतं," म्हणत त्यांनी पदर उलटून दाखवला.

मी त्यांच्या हातातून कागद घेतला. समोर 'कमळ' होतं, पण ते माझ्याकडे पाठ करून बसलं होतं. ळ आधी, क शेवटी, आणि तिन्ही अक्षरांची तोंडं उलट दिशेला. समोरून टोचलं की मागून पाठमोरं उमटणार, हे दुधखुळ्या पोराला कळलं असतं. मी वर्षभर सात माणसांना सगळी मराठी पाठीकडून शिकवली होती. आणि वर व्याख्यान दिलं होतं.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. पुन्हा टोचायला कोरे कागद नव्हते, हे खरं. पण धीर नव्हता, हे अधिक खरं. रोज ठरवी की आज मुलीला सांगू, आणि रोज तिच्या हातात तोच जुना कागद देई. चार दिवस असे गेले आणि पाचव्या दिवशी तिचा बाप दारात उभा राहिला. बगलेत गोणपाटात गुंडाळलेली फळी होती.

"लोक बोलतान, सायबाच्या तांब्यावरचा नाव हिला वाचता नाय आला," तो म्हणाला. "तांब्या सायबाचा. मना त्याचा काय? मी माझी वस्तू आनलंय."

ती मिठाच्या राशीवर दाबायची छापाची फळी होती. रास रचली की अंगभर छाप मारायचा, म्हणजे रात्रीतून कोणी मीठ उचललं तर अक्षरं मोडलेली दिसतात. ही चिरलेली, टाकून दिलेली होती. मिठावर सुलटी उमटावीत म्हणून छापाची अक्षरं लाकडात उलटी कोरतात. मला डोळ्यांनी ती चटकन लागेनात. खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलंही, पण तोवर मुलीने दोन्ही हात फळीवर ठेवले होते.

बोटं उजवीकडून निघाली. "धा," ती म्हणाली. "क. टा." मग जरा थांबली, चिरेवरून बोट पलीकडे नेलं. "आगर. धाकटा आगर."

वाचता येत नसलं तरी छापात आपल्याच आगराचं नाव आहे, हे मिठागरावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बाप तिच्याजवळ येऊन बसला. मग त्याने तिचा हात धरला, आपला मिठाने फुटलेला तळहात तिच्यापुढे उघडा केला आणि म्हणाला, "माझा नाव लिव."

तिने बोटाने त्याच्या तळहातावर नाव लिहिलं. सावकाश, एकही अक्षर न गाळता, आणि माझ्या कृपेने पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटं.

त्याने मान वर करून मला विचारलं, "मास्तर, बराबर हाय?"

सरकारी शाळेत एका वेलांटीसाठी मी पोरांना छड्या मारल्या होत्या. मी म्हटलं, "अगदी बरोबर आहे."

त्याने मूठ मिटली. फळी आणि पोर दोन्ही शाळेत ठेवून तो खाडीकडे निघाला. बांधावरून दिसेनासा होईपर्यंत मी बघत होतो. मूठ त्याने उघडली नाही.