ऐंशीव्या मिनिटाला उठणारा विल्फ साईक्स

विल्फ साईक्स पन्नास वर्षं ब्रॅकनशॉ टाऊनचे सामने बघतोय आणि एकाही सामन्याचा शेवट त्याला माहीत नाही. ऐंशीवं मिनिट लागलं की तो उठतो. आधी गुडघ्यांवर हात ठेवतो, मग पंक्चर झाल्यासारखी नाकातून हवा सोडतो आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणतो, "पुरे. बघितलं." मग किल्ली खुळखुळवत, आमच्या गुडघ्यांना धडका देत, कुणाचा तरी चहा सांडत बाहेर. कारण काय, तर ट्रॅफिक.

आमच्या मैदानामागच्या पार्किंगला एकच तोंड आहे. ते रेल्वेच्या पुलाखाली उघडतं आणि पुलाखालून एका वेळी एकच गाडी जाते. शेवटच्या शिट्टीनंतर निघालेला माणूस तिथे अर्धा तास सडतो. विल्फ आयुष्यात कधी सडला नाही. ही त्याची कमाई.

नोकरीत असताना तो गाडी चालवण्याच्या परीक्षा घ्यायचा, म्हणजे गावाला नापास करायचा. माझ्या बाबांना तीनदा केलं. तिसऱ्यांदा कारण दिलं, "वळताना चेहऱ्यावर खात्री दिसली नाही." चौथ्यांदा परीक्षक दुसरा होता, म्हणून बाबा सुटले. खाटीक ग्लेनला तर गाडी सुरू व्हायच्या आधीच घरी पाठवलं, कारण सीटचा पट्टा लावताना ग्लेनने शिवी दिली. शिवी पट्ट्याला होती, पण विल्फने ती स्वतःला लावून घेतली.

निवृत्त झाला, पण परीक्षा काही संपली नाही. आता तो दर शनिवारी अकरा जणांना नापास करतो. त्याचा आवाज काढायला सोपा आहे. नाक चिमटीत धरायचं आणि समोरच्याचं लायसन आपल्या खिशात आहे असं समजून बोलायचं. "आरसा! आरशात बघितलं का आधी?" हे आमच्या डॅरिलला, जो बिचारा उजव्या बाजूने धावत सुटलेला असतो. "इशारा न देता वळला! गेला कामातून!" डॅरिलला त्याने नावच ठेवलंय, 'रस्त्यावरचा धोका'. डॅरिल बावीस वर्षांचा आहे, सायकलने येतो.

शेवट न बघण्याची ही खोड फक्त फुटबॉलपुरती असती तर ठीक होतं. शाळेच्या नाताळच्या नाटकात त्याची मुलगी बाळ येशूला भेटायला येणारा तिसरा राजा झाली होती. राजे रंगमंचावर यायच्या आत बाप गाडीत. तिच्याच लग्नात केक कापायच्या आधी निघाला. स्वतःच्या निरोपसमारंभात भाषणं चालू असताना उठला, तेव्हा साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ रिकाम्या खुर्चीला भेट दिलं. आणि बायको, एडना, वारली तेव्हा चर्चमधलं शेवटचं भजन अर्ध्यावर असताना हा दारात उभा. मॉरीनने विचारलं तर म्हणाला, "शवगाडीच्या मागे अडकलो तर दफनभूमीपर्यंत रांगत जावं लागतं."

ही मॉरीन त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसते. थर्मासमधला चहा दोघांत वाटून घेते आणि त्याला थेट "अरे गप रे, विल्फ" म्हणू शकणारी गावातली एकटीच बाई आहे. मी आणि बाबा त्यांच्या मागच्या रांगेत. ग्लेन आमच्या वरच्या रांगेत, म्हणजे त्याचा आवाज थेट आमच्या टाळूवर पडतो.

आता क्लबबद्दल. देशातल्या फुटबॉलच्या पाचव्या पायरीवर आम्ही उभे होतो, म्हणजे बोटांच्या टोकांनी लोंबकळत होतो. गोलकीपर उंच आहे, त्याच्याबद्दल आणखी चांगलं काही सांगता येत नाही. पुढे खेळणारे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, कारण एकाने दुसऱ्याच्या बहिणीशी बोलणं सुरू केलं होतं. मॅनेजर दर आठवड्याला वर्तमानपत्राला सांगतो, "मुलांनी जीव ओतला." कुठे ओतला ते आम्हाला अजून सापडलेलं नाही.

ऑगस्ट, सप्टेंबर आम्ही हरत होतो. ऑक्टोबरात एका शनिवारी विल्फ म्हणाला, "पुरे. बघितलं," आणि जिन्याच्या तोंडात दिसेनासा झाला. त्याच क्षणी डॅरिलने मारलेला बॉल कुणाच्या तरी ढोपराला लागून गोलमध्ये. पुढच्या घरच्या सामन्यात तेच. त्याच्या पुढच्यालाही. नोव्हेंबरात धुक्यात काही दिसत नव्हतं, पण विल्फ गेला आणि समोरच्या स्टँडमधून ओरडा आला, तेव्हा कळलं की झाला गोल.

शोध ग्लेनने लावला. खाटकाच्या हातांनी हवेत सुरी फिरवत तो म्हणाला, "अरे, हा गेला की गोल होतो! कळतंय का तुम्हाला?"

बाबा म्हणाले, "मग बाहेरगावी का हरतो आपण? तिकडे तर हा येतच नाही."

"तेच तर! आलाच नाही तर उठून जाणार कसा?"

तीनदा नापास झालेला माणूस वाद घालण्यात फार टिकत नाही.

जानेवारीपर्यंत हे खूळ अख्ख्या स्टँडला लागलं होतं. शिकलेली माणसं, डोक्यावर टक्कल असलेली माणसं, एक तर शाळेत गणित शिकवणारी बाई, सगळी पंचाहत्तराव्या मिनिटापासून मैदानाकडे पाठ करून विल्फच्या गुडघ्यांकडे बघत बसायची. ग्लेन वरून आवाज द्यायचा, "साईक्ससाहेब, पुलाखाली गर्दी वाढतेय हं! मागे राहिलात तर चहा गार!" विल्फला वाटायचं, हा आपली काळजी करतोय. तो वळून मान डोलवायचा. आपल्या माणसांचं प्रेम बघून थोडा फुगायचासुद्धा.

मार्चमध्ये मात्र लोकांनी आचरटपणा केला. तो उठल्यावर टाळ्या वाजवल्या. विल्फ जिन्यापाशी थांबला, परत आला आणि मॉरीनला विचारलं, "या टाळ्या कुणाला?"

"तुला."

"का?"

मॉरीनने थर्मासचं झाकण लावलं. "तू गेलास की आपण गोल करतो, म्हणून."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

विल्फने वर पाहिलं. अख्खा स्टँड त्याच्याकडे बघत होता आणि हातांनी 'जा, जा' करत होता, अंगणातली कोंबडी हाकलावी तसं. त्याचा चेहरा उतरला, मग चढला.

"पन्नास वर्षं येतोय मी इथे. या सगळ्यांच्या आधीपासून. आणि माझा उपयोग काय, तर मी नसणं?"

"अरे, मनावर कशाला घेतोस?"

"घेतो! शेवटच्या सामन्याला शिट्टी वाजेपर्यंत बसतो की नाही बघ. या गाढवांच्या डोक्यातलं खूळ मीच काढणार."

एवढं बोलून तो गेला. वाद वाढला तर ट्रॅफिकमध्ये अडकला असता ना. तो पुलाखाली पोचला असेल-नसेल, आम्ही गोल केला.

शेवटचा सामना एप्रिलच्या अखेरीस, वेनफर्डशी. जिंकलो तर राहिलो, नाहीतर खालच्या पायरीवर. खाली गेलो तर हा जुना स्टँड बंद करणार असं क्लबने आधीच सांगून ठेवलं होतं. लोकांना धीर देण्याची आमच्या क्लबची ही पद्धत आहे. वेनफर्डवाले कुठल्याच भानगडीत नव्हते. त्यांचे खेळाडू मनाने केव्हाच समुद्रकिनारी पोचले होते. तरी त्यांच्याविरुद्ध आम्हाला गोल करता येईना, यावरून आमची लायकी समजा.

विल्फ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. हाताची घडी, मुठीत किल्ली.

ऐंशीवं मिनिट लागलं. शून्य-शून्य. सगळ्या माना वळल्या. विल्फ हलला नाही.

ग्लेन खाली उतरून आला आणि चक्क गुडघ्यांवर बसला. "साहेब, मी पट्ट्याला शिवी दिली होती. माफ करा. आता उठा."

"नापास," विल्फ म्हणाला.

बाबा पुढे वाकले. "विल्फ, आजवर मी तुमच्याकडे काही मागितलं का?"

"लायसन मागितलं होतंत. तीनदा."

मग लाउडस्पीकर खरखरला. "राखाडी गाडीच्या मालकांनी कृपया पार्किंगमध्ये यावं. आपल्या गाडीचे दिवे चालू राहिले आहेत." अख्खा स्टँड श्वास रोखून विल्फकडे बघू लागला. तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदा बघितलं, पुन्हा बघायची इच्छा नाही. "माझे दिवे? माझे? गाढवांनो, खोटं तरी पटेल असं बोला!"

आता विनंत्या संपून शिव्या सुरू झाल्या. कुणीतरी सॉसेज रोलचा तुकडा फेकला, तो माझ्या केसांत अडकला. मैदानावर काय चाललंय ते कुणी बघत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बघण्यासारखं काही नव्हतंच. पंच्याऐंशी झाली. विल्फ ताठ बसून होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

मॉरीनने मात्र अजून एक शब्द काढला नव्हता. तिने थर्मास पिशवीत ठेवला, मांडीवरच्या घोंगडीची घडी केली, तीही पिशवीत घातली.

"तूसुद्धा?" विल्फने विचारलं. "तुझाही विश्वास आहे या फालतूपणावर?"

"छे रे."

"मग?"

"मग काय? आवराआवर करतेय. स्टँड बंद झाला की पुढच्या वर्षी शनिवारी कुठे बसायचं, तोच विचार करत होते. बहिणीकडे जावं लागेल. तिच्याकडे मांजरं आहेत."

विल्फ समोर बघत राहिला. मग गुडघ्यांवर हात ठेवले, नाकातून हवा सोडली. "पुरे," तो म्हणाला. पुढचा शब्द काही निघाला नाही.

त्या वर्षी आमच्या मैदानावर कुठल्याही खेळाडूला मिळाल्या नाहीत एवढ्या टाळ्या त्याला मिळाल्या. लोक उभे राहिले. ग्लेनच्या डोळ्यांत पाणी होतं. विल्फ मान खाली घालून जिना उतरला. बाबांनी मला कोपराने ढोसलं, "पोरी, मागे जा. खरंच बाहेर पडतोय का बघून ये. या माणसाचा भरवसा नाही."

मी गेले. जिन्याखाली चहाचं दुकान, त्याला कुलूप. पलीकडे बाहेरचं फाटक सताड उघडं, आणि फाटकातून रिकामा रस्ता पार पुलापर्यंत दिसत होता. एकही गाडी नाही. विल्फला आयुष्यात मिळाला नसेल एवढा मोकळा रस्ता. आणि विल्फ त्याच्याकडे पाठ करून, खांब आणि भिंत यांच्यामधल्या फटीला डोळा लावून उभा होता.

त्याच्या काखेखालून मलाही अर्धा गोलपोस्ट दिसत होता. कॉर्नर मिळाला होता. बॉल वर आला, चौघं-पाच जण एकमेकांवर कोसळले, आणि त्या ढिगाकडे पाठ करून उभ्या असलेल्या डॅरिलच्या कुल्ल्यांना लागून बॉल आत गेला. डॅरिलला ते इतरांनी अंगावर उड्या मारल्यावर कळलं.

वरचा स्टँड एवढा हादरला की छताची धूळ आमच्यावर पडली. विल्फने एक हात खांबावर ठेवला. दुसऱ्या हाताचं बोट वर करून त्याने हवेत एक बरोबरची खूण काढली, परीक्षेच्या कागदावर काढावी तशी. गावात ती खूण फारशी कुणी बघितलेली नाही. मग त्याला मी दिसले.

"ऑफसाईड होता," तो म्हणाला.

"तुम्ही गेलाच नाहीत!"

"खुर्चीवर आहे का मी? नाही. म्हणजे गेलो."

"पण मैदानात तर आहात! म्हणजे तुमच्या जाण्याने काही—"

"हळू बोल," तो फुसफुसला आणि वरच्या आवाजाकडे बघितलं. "त्यांना सांगितलंस तर पुढच्या वर्षी खांद्यावर घालून फाटकाबाहेर नेऊन टाकतील. आणि त्या बाईला जावं लागेल मांजरांत." मग पुन्हा फटीला डोळा लावला. "किती मिनिटं वाढवून देतोय हा गाढव?"

शेवटची शिट्टी होईपर्यंत आम्ही दोघं तिथे होतो. शिट्टी झाल्यावर तो थोडा वेळ गोंधळून उभा राहिला. शिट्टीनंतर काय करायचं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी वर गेले. बाबांनी विचारलं, "गेला ना?" मी म्हटलं, "गेले."

नवा मोसम सुरू झाला आहे. ऐंशीव्या मिनिटाला विल्फ उठतो, टाळ्या घेतो, "पुरे, बघितलं" म्हणतो आणि फटीपाशी जाऊन उभा राहतो. गोल कधी होतो, कधी होत नाही. झाला तर ग्लेन त्याचं नाव घेतो. नाही झाला तर म्हणतो, "आज हळू चालत गेला असेल." क्लब तसाच आहे. डॅरिलने अजून पायाने गोल केलेला नाही.

फक्त सामना संपल्यावर पुलाखालच्या रांगेत हल्ली एक राखाडी गाडी असते. आतला माणूस टोपी नाकापर्यंत ओढून, स्टिअरिंगच्या मागे घसरून बसलेला असतो, कुणी ओळखू नये म्हणून. गेल्या शनिवारी ती आमच्या मागेच होती आणि हॉर्न थांबत नव्हता. बाबा आरशात बघून वैतागले, "कोण आहे हा? एवढी घाई आहे तर आधी निघायचं ना!"

मी मागे वळून बघितलं. टोपी आणखी खाली गेली.

"असेल कुणीतरी," मी म्हटलं, "नापास झालेला."