पंच्याहत्तरवर ठेवलेला गिझर

तुमच्या गिझरचं बटण कितीवर आहे, सांगता येईल? नाही ना? भिमाजीला पाथर्डीतल्या निम्म्या घरांचं सांगता येतं. वीस वर्षं तो गिझर बसवतोय. बसवला की बटण पन्नास अंशांवर ठेवतो आणि त्यावरून भांडतो. लोकांना बंबाची सवय. बादलीत आधी कढत पाणी ओतायचं, मग गार पाण्याचं विसण घालायचं. पन्नासचं पाणी म्हणजे त्यांना शुद्ध फसवणूक वाटते.

त्या सकाळी पुष्पावतीकडे मात्र तो हरला. "भाऊ, कोमट पाण्यासाठी गिझर घेतला व्हय? वाफा आल्या पायजेत!" ओट्यावरून तिची सासू बनुबाई म्हणाली, "व्हय रं बाबा, माझं पाय तरी शेकतील." वैतागून भिमाजीनं बटण पंच्याहत्तरवर फिरवलं न् गाडीला किक मारली.

पुढच्या कामावर पाना हातात घेतला, पण चित्त लागेना. म्हातारीला जुनी शुगर. मघाशी तिच्या तळव्यात काच रुतली होती, रक्त फरशीवर आलं होतं, आणि ते दिसलं भिमाजीला! तिला पत्ताच नव्हता. शुगरनं बधिर झालेल्या त्या पायांना कढत पाणी काय कळणार?

पाना तिथंच टाकून तो माघारी वळला. चौकात ऊसतोडीला निघालेल्या जीपगाड्या आडव्या. हॉर्न दाबून अंगठा दुखला. गिझर तापायला वीस मिनिटं, इथं चाळीस उलटलेली.

तो घरात घुसला तेव्हा बनुबाई स्टुलावर बसून बादलीत घालायला पाय उचलत होती.

"आजी, पाय वर!"

त्यानं स्वतःची बोटं बुडवली आणि ओरडून बाहेर काढली. म्हातारी खुदकन हसली. "एवढा बाप्या गडी न् बोंबलतो?"

पुष्पावती पदराला हात पुसत आली. "विसण घालायचं राह्यलं बाई! कुकर उतरवाय गेल्ते."

"वयनी, बटण मीच फिरवलं. चूक माझी हाय. पन आता पन्नासच. लई शिव्या द्या, न्हाई वाढवनार."

बोटं नळाखाली धरून त्यानं दुसऱ्या हातानं बटण खाली आणलं. म्हातारीचे पाय कोरडेच होते.

आता तुम्ही उठा. बटण पन्नासवर आणा, बादलीत गार पाणी आधी सोडा, आणि घरात शुगरचं माणूस असेल तर त्याच्याआधी पाण्यात तुमचं कोपर घाला.