परदेशी, पुरुष, मध्यम वय : एक

माझा थोरला भाऊ आतापर्यंत एक्केचाळीस वेळा मेला आहे. गोळी लागून, गच्चीवरून पडून, मगरींच्या तळ्यात ढकलला जाऊन, आणि एकदा तर नायकाचं कुत्रं चावून. दर वेळी संध्याकाळी तो पिशवीत भाजी घेऊन घरी यायचा आणि आई विचारायची, आज कोण होतास? दादा चपला काढत सांगायचा, परदेशी. त्यावर आई आत निघून जायची.

आमच्या शहरात सिनेमे आणि मालिका बनतात, आणि त्यांना गर्दी लागते. ती गर्दी पुरवणाऱ्या माणसाला सगळे मुकादम म्हणतात. त्याच्या वहीत माणसं नसतात, मागण्या असतात. भिकारी चार, पोलीस सहा, लग्नातल्या बायका वीस. अधूनमधून एक ओळ येते : परदेशी, पुरुष, मध्यम वय, एक. ती ओळ म्हणजे माझा दादा. रंग सोललेल्या बटाट्यासारखा, केस भुरे, डोळे घारे. बाकी परदेश सोडाच, त्याने शहराची हद्द आयुष्यात दोनदा ओलांडली, त्यातली एकदा चुकीच्या बसमध्ये बसल्यामुळे. आधी तो छापखान्यात पुस्तकांना पुठ्ठे चिकटवायचा. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात मुकादमाने त्याला हेरलं आणि सांगितलं की काम सोपं आहे, उभं राहायचं आणि मरायचं. दादाने विचार केला, छापखान्यात तरी मी दुसरं काय करतोय.

परदेशी माणसाला परदेशी बोलावं लागतं, ही एक अडचण होती. पहिल्याच दिवशी दिग्दर्शक म्हणाला, ओठ हलवा, आवाज नंतर दुसऱ्याचा घालू. दादा घाबरला आणि शाळेत छडीच्या धाकाने पाठ झालेला एकोणतिसाचा पाढा भराभर म्हणायला लागला. तो इतका चपखल बसला की पुढची सत्तावीस वर्षं त्याने दुसरं काही शोधलंच नाही. 'मी हे शहर बेचिराख करीन' असं पडद्यावर घोगऱ्या आवाजात ऐकू येतं, तेव्हा दादाचे ओठ 'एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी' म्हणत असतात. अपवाद एकच, प्रेमात पडलेल्या एका शास्त्रज्ञाला त्याने सतराचा पाढा दिला होता, तो जरा मऊ आहे म्हणून. त्याचा स्वतःचा आवाज मात्र पडद्यावर कधी कोणी ऐकला नाही.

मी त्याचा धाकटा. मी पंखे, इस्त्र्या आणि टीव्ही दुरुस्त करतो आणि रंगाने लोखंडी तवा आहे. एकदा दादा डबा विसरला म्हणून मी तो द्यायला सेटवर गेलो. फाटकातून आत शिरतो न शिरतो तोच एकाने माझ्या अंगात आडव्या पट्ट्यांचा बनियन चढवला, हातात साखळी दिली आणि मला दादाच्या मागे नेऊन उभं केलं. कोणी नाव विचारलं नाही की काम. चेहरा बघितला आणि त्यांना सगळं कळलं. एकाच आईच्या पोटचे आम्ही भाऊ. तो टोळीचा मालक, मी टोळी. दुपारी मालकाला खुर्ची मिळाली, टोळी उकिडवी बसून जेवली. दादा खुर्ची सोडून माझ्याजवळ येऊन बसला आणि आम्ही डबा वाटून खाल्ला, तर मुकादम त्याला बाजूला घेऊन म्हणाला की टोळीबरोबर जेवू नका, पुढच्या शॉटला ते तुम्हाला दचकणार नाहीत.

सेटबाहेरही फार वेगळं नव्हतं. बसचा कंडक्टर दादाशी हातवारे करून बोलायचा. फळवाला त्याला दुप्पट भाव सांगायचा, आणि दादाने अस्सल शिवी हासडली की खूश होऊन म्हणायचा, छान शिकलात हो. संग्रहालयात त्याला परदेशी पाहुण्यांच्या रांगेत धाडलं. त्याने ओळखपत्र दाखवलं तर खिडकीवरचा माणूस ते उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. गल्लीत तर त्याचं नावच साहेब. ते सिनेमामुळे पडलं असं नवीन लोकांना वाटतं. ते त्याच्या दुधाच्या दातांपेक्षा जुनं आहे.

दादा जन्मला त्या सुमारास नदीवर पूल बांधायला एक परदेशी इंजिनियर आला होता. आईने त्याला आयुष्यात एकदाच पाहिलं, तेही पाठमोरं, सायकलवरून पडताना. पण आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, पाळण्यात डोकावली, तिने नाक मुरडलं आणि म्हणाली, 'आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून आलं?' एवढं एकच वाक्य. त्याला अठ्ठावन्न वर्षं झाली आणि ते अजून गल्लीत हिंडतंय. आईची आजी घारी होती, पण तिचा फोटो नव्हता, आणि नुसत्या आईच्या शब्दाला कोणी विचारत नव्हतं.

बाबा वीजबिलं भरायच्या खिडकीमागे बसायचे. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, कानावर पेन आणि ओठांवर कायम एकच वाक्य : आज नाही, उद्या या. घरीही तेच. वह्या हव्यात, उद्या. चप्पल तुटली, उद्या. त्यांनी आईवर कधी संशय घेतला नाही, हे खरं. पण आत्याचं तोंडही कधी बंद केलं नाही. आई म्हणायची, तुमच्या बहिणीला एकदा काय ते सांगा. बाबा म्हणायचे, उद्या सांगतो. ते सांगायचं राहिलं आणि बारा वर्षांपूर्वी बाबा गेले. मला ह्या बाबतीत त्यांचा राग येतो. माझाही येतो, कारण शाळेत पोरं दादाला साहेबाचा म्हणून चिडवायची तेव्हा मीही त्यांच्यात उभा राहून हसायचो. मी काळा, बाबांचा शिक्का मारलेला. मला कोण काय म्हणणार होतं? त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

सिनेमाने तर आगीत तेल ओतलं. दादा टीव्हीवर येणार असला की आत्या दोन घरं ओलांडून आमच्याकडे बघायला यायची. म्हणे आमचा टीव्ही मोठा आहे. पडद्यावर दादा चाबूक घेऊन उभा राहिला की ती अगदी मायेने म्हणायची, शोभतो हो, मुद्दाम काही करावंच लागत नाही. मग आई उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागायची. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालायची. एकदा आत्या घरी गेल्यावर आईने दादाला समोर बसवलं.

'मला एकदा तुला आपल्यातला माणूस झालेलं बघायचंय,' ती म्हणाली. 'मेलास तरी चालेल. पण एकदा आपल्यातला म्हणून मर.'

दादाने मान डोलावली. पण मुकादमाकडे असं काही मागायची सोय नव्हती. नळ दुरुस्त करणारा, शेजारी, वरातीतला काका, सगळी कामं भरलेली असायची आणि दादाला बघून मुकादम म्हणायचा, तुम्ही कशाला स्वस्तात जाता.

मग शहरात पाठीवर पिशव्या घेऊन हिंडणारी खरीखुरी परदेशी पोरं यायला लागली. ती हौसेने, एका जेवणावर दिवसभर उभी राहायची आणि मरायचीही आनंदाने. एका सकाळी मुकादमाने दादाला आणि त्यांतल्या दोघांना शेजारी शेजारी उभं केलं, मान तिरकी करून बघितलं आणि दादाच्या नावावर काट मारली. वर समजावलंही की साहेब, रंगाला तोड नाही, पण नाक इथलं आहे. हाच माणूस अठ्ठावन्न वर्षांपूर्वी आमच्या पाळण्यापाशी येऊन हे बोलला असता, तर आमचं घर सुखी झालं असतं.

दादा पडेल चेहऱ्याने घरी आला आणि त्याने झालेलं सांगितलं. मला वाटलं, आई त्याची समजूत घालेल. तिने विचारलं, नाकाचं काय म्हणाला? परत सांग. दादाने परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर आई म्हणाली, 'नाक इथलं आहे ना? मग जा आणि त्याला म्हणावं, इथल्याचं काम दे.'

दादा गेला. सत्तावीस वर्षांची ओळख, शिवाय मनात थोडी टोचणीही असावी. मुकादमाने एका मालिकेत काम काढलं. सरकारी कार्यालयातला कारकून. नायिका अर्ज घेऊन येते, कारकून तिला परत पाठवतो, संपलं. वाक्य एकच, पण स्वतःच्या आवाजात. दिग्दर्शकाने मात्र दादाला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, हा खिडकीत बसला तर प्रेक्षकांना वाटेल वकिलात आहे. ह्याला आधी इथला करून आणा.

त्या दिवशी मीही दादाबरोबर गेलो होतो. रंगवणारा म्हातारा बाटल्या मांडून बसला होता आणि इथला म्हणजे नक्की कोणता रंग, ह्यावर दिग्दर्शकाच्या हाताखालच्या तिघांत वाद चालला होता. एकाला गव्हाळ हवा होता, एकाला सावळा, आणि तिसरा म्हणत होता की कारकून खिडकीत बसतो, त्याला ऊन कुठून लागणार. म्हाताऱ्याने वैतागून इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली. त्याने मला दादाच्या शेजारी स्टुलावर बसवलं आणि माझ्या गालावर बोट टेकवून टेकवून वाटीत रंग कालवायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा माझा रंग कोणाला तरी हवा होता. मी मान ताठ करून बसलो.

'इथेच जन्मलो, इथेच वाढलो,' दादा आरशात बघत म्हणाला, 'आणि इथला दिसायला दोन तास लागतात.'

मी हसलो नाही. त्याचा एक गाल माझा झाला होता, एक अजून त्याचा होता, आणि ते बघवेना. डोळ्यांत घालायच्या काळ्या भिंगांची डबी उघडेपर्यंत मी थांबलो आणि दुकान उघडायला निघून आलो. पुढचं दादाने सांगितलं. कॅमेरा सुरू झाला, नायिकेने अर्ज पुढे केला, आणि दादाच्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं, 'एकोणतीस एके एकोणतीस.' सवय वाईट. दुसऱ्या वेळीही पाढाच. तिसऱ्या वेळी नायिकाच 'एकोणतीस दुणे' म्हणाली आणि सगळं युनिट पोट धरून हसलं. दिग्दर्शक मात्र म्हणाला, ही शेवटची संधी, नाहीतर भिकाऱ्यांपैकी एकाला बसवा. मग दादाने म्हणे डोळे मिटले, आणि ते वाक्य आलं. कसं आलं ते त्याने सांगितलं नाही.

तो भाग संध्याकाळी साडेसातला लागणार होता. आईने सकाळपासून दोनदा टीव्ही पुसला. आत्या सातलाच येऊन बसली आणि म्हणाली, ह्या वेळी साहेब कोणाला चाबकाने मारणार आहे? आईचे हात मांडीवर होते आणि जवळ कपडे असूनही घड्या घालत नव्हते. दादा नेहमीसारखा दाराशी बसला, स्वतःला फार जवळून बघायला त्याला आवडत नाही.

नायिका जिना चढली. रांगेत उभी राहिली. रडली. दिव्याच्या जाहिराती झाल्या, साबणाच्या झाल्या. मग ती खिडकीपाशी आली आणि आत मान खाली घालून लिहीत बसलेल्या माणसाने कानावर पेन ठेवलं. त्याने मान वर केली, नाकाच्या शेंड्यावरच्या चष्म्यावरून बघितलं, आणि कंटाळलेल्या, जराशा दमेकरी आवाजात म्हणाला, 'आज नाही. उद्या या.'

ते बाबा होते. तेच नाक, तीच हनुवटी, जांभई दाबताना ओठांची एक कड खाली ओढायची तीच खोड. आणि आवाज तर तोच. आम्ही तो आवाज रोज घरात ऐकत होतो, पण त्या चेहऱ्यावर घातल्याशिवाय कोणाला ऐकू आला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा रंग तेवढा वर फासला होता, खालचं सगळं दादाचंच होतं, जन्मापासून.

'भाऊ,' आत्या म्हणाली. तिने हात पुढे केला, जणू काचेच्या आत पोचणार होता.

तोवर भाऊ पडद्यावरून गेला आणि चेहरा उजळवणाऱ्या क्रीमची जाहिरात लागली. आत्या वळली आणि दाराशी बसलेल्या दादाकडे बघायला लागली. घारे डोळे, भुरे केस, सोललेला बटाटा. ती त्याच्याकडे इतका वेळ बघत होती की दादा संकोचून पाय जवळ घेऊन बसला. मग ती रडायला लागली. भावासाठी की आणखी कशासाठी, ते तिलाच ठाऊक.

'वहिनी,' ती पदराने डोळे टिपत म्हणाली, 'मला तुमच्याशी बोलायचंय. मी त्या दिवशी पाळण्यापाशी...'

आईने चष्मा काढला, सावकाश पुसला आणि पुन्हा लावला. तो तिच्या नाकाच्या शेंड्यावर घसरला, आणि तिने तो तसाच राहू दिला.

'आज नाही, वन्सं,' आई म्हणाली. 'उद्या या.'

आत्या उठली, तिने चपला शोधल्या आणि दोन घरं ओलांडून निघून गेली. आईने टीव्हीचा आवाज वाढवला आणि आम्हाला पाठ करून बसली. तिचे खांदे हलत होते. ती रडत होती की हसत होती हे मागून कळत नव्हतं. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे पाहिलं, आणि ह्या वेळी आम्ही दोघं बरोबरच हसलो.