साडेतीन फुटांचा तलाव

माणूस निवृत्त झाला म्हणून त्याची खोड निवृत्त होत नाही. कारखान्याच्या खरेदी विभागात एकतीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांना तिथं सगळे तक्तेसाहेब म्हणायचे. बॉयलरपासून झाडूपर्यंत काहीही घ्यायचं झालं की साहेब आधी तीन कोटेशनं मागवत, मग आडव्याउभ्या रेघा मारून तक्ता आखत, आणि तक्ता पुरा होईपर्यंत झाडूशिवायही कारखाना चालतो हे सगळ्यांना दाखवून देत. तीनपेक्षा कमी कोटेशनं आली तर पुन्हा मागवायची, हा तिथला नियम. साहेबांनी तो घरीही आणला. मिक्सर घ्यायला त्यांना चार महिने लागले, आणि ते चार महिने बायकोनं सगळं वाटण हातानं वाटलं. लग्न तेवढं त्यांनी एकाच मुलीला विचारून केलं होतं. नियम मोडून केलेलं आपलं हे एकच काम आणि तेच सर्वांत टिकाऊ निघालं, असं ते स्वतःशी म्हणत. मोठ्यानं म्हणायची छाती नव्हती.

ही बायको म्हणजे बाई. शाळेत गणित शिकवून तीही निवृत्त झाली, म्हणून सगळ्या गल्लीची बाईच. माहेरचं घर नदीकाठी, त्यामुळे सहाव्या वर्षापासून पोहणारी. साहेबांना पोहता येत नाही हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पाणी दिसलं की ही पाण्यात, आणि साहेब काठावर चपला सांभाळत. पस्तीस वर्षं ते काम त्यांनी चोख केलं, एक चप्पल हरवली नाही.

स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी बाई म्हणाली, "अहो, मला दागिना नको, कुठं फिरायला जायचं नाही. मागच्या अंगणात पोहायचा तलाव हवा. माझ्या फंडाच्या पैशांतून. तुम्ही फक्त कोटेशनं बघा."

शेवटचं वाक्य ही तिची चूक. साहेबांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी अंगण सहा वेळा मोजलं, आणि सहा वेळा वेगळं भरलं. पंप आवाज किती करतो हे ऐकायला ते एका अनोळखी घराच्या मागं जाऊन पंपाला कान लावून बसले, आणि घरमालकानं हटकल्यावर "आम्हीपण घेणार आहोत" एवढंच म्हणू शकले. वाळूचा फिल्टर बरा की कागदी गाळणीचा, काँक्रीटचं बांधकाम टिकेल की फायबरची तयार टाकी, क्लोरीन हातानं टाकायचं की मिठापासून तयार करणारं यंत्र बसवायचं, यावर ते जेवताना बोलत, झोपताना बोलत, आणि बाई झोपल्यावर भिंतीशी बोलत.

कोटेशनं आली तीन. पहिल्या ठेकेदारानं अर्ध्या कागदावर तीन ओळी आणि खाली 'टेन्शन घेऊ नका' असं लिहून दिलं. दुसऱ्यानं चाळीस पानी पुस्तिका पाठवली. त्यात प्रत्येक पानावर हसरं कुटुंब होतं आणि किंमत फक्त शेवटच्या पानावर. तिसरं कोटेशन एका ठेकेदारबाईंचं, वहीच्या पानावर स्वच्छ अक्षरात. साहेबांचं खरं कसब इथं दिसलं. पहिल्याचा दर सगळ्यांत कमी होता, पण खणलेली माती कोण उचलणार हे त्यात कुठंच नव्हतं. म्हणजे तलाव मिळणार आणि शेजारी एक टेकडीही मिळणार. पुस्तिकावाल्यानं पंप धरला होता, त्याची वीजजोडणी धरली नव्हती. साहेबांनी सगळं एका मापात आणलं आणि बारा रकान्यांचा देखणा तक्ता बाईपुढं ठेवला. तलावाची खोली सात फूट. तक्त्यात ठेकेदारबाई पहिल्या आल्या. सही करायचं ठरलं.

त्याच आठवड्यात बाई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली.

तसं पाहिलं तर मोठं काही नव्हतं. रक्तदाबाच्या गोळीचं प्रमाण जास्त झालं होतं. डॉक्टरांनी ते कमी केलं आणि म्हणाले, "आता खुशाल पोहा. गुडघ्यांना बरंच आहे." पण मधली जी दहा मिनिटं होती, ती डॉक्टरांना माहीत नव्हती. भांडी पडल्याचा आवाज ऐकून साहेब दारात आले आणि त्यांनी बाईला फरशीवर पाहिलं. पुढं जायचं सोडून ते मागं वळले आणि कपाटातून फायली काढू लागले. डॉक्टरांचा नंबर 'आरोग्य' फायलीत होता की 'तातडीचे' या फायलीत, हे त्यांना आठवेना. दोन्ही फायली त्यांनीच लावलेल्या. शेजारचा बसड्रायव्हर मागच्या दारानं धावत आला, त्यानं बाईला उचलून सोफ्यावर ठेवलं, पायांखाली उशी दिली आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून निघूनही गेला. बाईनं डोळे उघडले तेव्हा समोर साहेब होते, एका हातात तिचा हात आणि दुसऱ्या हातात फाइल.

"तुम्ही होतात म्हणून बरं," बाई म्हणाली.

साहेब "हं" म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांनी खोट्या बिलावर सही केली नव्हती. ती कसर त्या एका हुंकारात भरून निघाली.

तेव्हापासून तक्ता वाढू लागला. पाण्यात कुणी पडलं तर वाजणारी घंटा, तलावावर ओढायचं जाड आच्छादन, चारही बाजूंना धरायचे दांडे, कॅमेरा, पाण्याखालचे दिवे, घसरू न देणाऱ्या फरश्या. बाराचे एकेचाळीस रकाने झाले. नव्या रकान्यागणिक ठेकेदारांना नवं पत्र जाई, एखादा कंटाळून अंग काढून घेई, कोटेशनं दोनच उरत, आणि नियमाप्रमाणे साहेब पुन्हा तीन मागवत. ताकास तूर लागू न देता तलाव पुढं ढकलायची ही सोय त्यांना कारखान्यानंच शिकवली होती. तलावाची खोली सातावरून पाच, पाचावरून चार, आणि शेवटच्या पत्रात साडेतीन फुटांवर आली. हे आपण सुरक्षिततेसाठी करतोय असं साहेब दिवसा स्वतःला पटवत. पण आंघोळीला बसलं की बादलीतल्या पाण्याकडे बघताना खरं काय ते कळे. बाई पाण्यात पडून राहिली, तर आपण पुन्हा फाइलच शोधणार. या विचारानं त्यांना स्वतःची एवढी लाज वाटे की ते अंगावर साबण तसाच ठेवून बाहेर येत.

असे आठ महिने गेले. बाईनं एकदाही तगादा लावला नाही, आणि त्याचंच साहेबांना जास्त भय वाटू लागलं.

मग एके सकाळी ठेकेदारबाई न बोलावता आल्या. शेवटपर्यंत न कंटाळता टिकलेल्या त्या एकट्याच. त्यांनी बरोबर फक्कीची पिशवी आणली होती, अंगणात पांढरी रेघ मारून तलावाचा आकार दाखवायला. आकार आखून झाल्यावर त्यांनी साहेबांचं शेवटचं पत्र उघडलं.

"साहेब, एक विचारू? राग मानू नका. साडेतीन फुटांत पोहता येत नाही हो. फार तर बसता येतं. बाईंना बसायचंय का?"

"सुरक्षिततेच्या दृष्टीनं..." साहेबांनी तोंड उघडलं.

"घंटा आहे, दांडे आहेत, कॅमेरा आहे. उद्या तुम्ही पाणीच नको म्हणाल. हा तलाव पोहण्यासाठी आहे की न बुडण्यासाठी?"

साहेबांना तोंडात मारल्यासारखं झालं. बाई मागच्या पायरीवर बसली होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली. शाळेत फळ्यापुढं उभ्या केलेल्या मुलाकडे ती तशी बघत असणार. गणित येत नाही हे दोघांनाही माहीत असतं, पण बोलायचं त्या मुलानंच असतं.

"अगं," साहेब म्हणाले, आणि पुढं काय बोलायचं याचा कुठलाही तक्ता त्यांच्यापाशी नव्हता. "त्या दिवशी तुला मी उचललं नाही. शेजारच्या ड्रायव्हरनं उचललं. मी फाइल शोधत होतो. डॉक्टरांच्या नंबरची. तू खाली पडली होतीस आणि मी फाइल शोधत होतो."

ठेकेदारबाईंनी एकदम फक्कीच्या पिशवीचं तोंड बांधायला घेतलं. ते आधीच बांधलेलं होतं.

"माहीत आहे मला," बाई म्हणाली. "त्याच्या बायकोनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माणूस घाबरतो. मीही घाबरले असते." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "उचललं नाहीत याचा मला राग नाही. एक दिवस घाबरलात, ठीक आहे. पण त्या एका दिवसापायी आठ महिने मला पाण्याबाहेर ठेवलंत, त्याचा आहे. मी आता एकोणसाठची आहे हो. असे किती आठ महिने आहेत माझ्यापाशी?"

एरवी या प्रश्नाला साहेबांनी आकडा काढून दिला असता, आकडेमोड हा त्यांचा धंदाच. पण बायकोला जपतोय असं समजून आपण तिला तिच्याच पैशांच्या तलावाकाठी चपला सांभाळायला बसवलं, एवढं त्यांना एकदम लख्ख दिसलं. कुणी कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं. ते तिच्या शेजारी पायरीवर बसले. गुडघे दुखले, पण कण्हायची सोय नव्हती.

"किती खोल हवा तुला?" त्यांनी विचारलं.

"आठ फूट."

"आधी सात ठरले होते."

"तेव्हा मी अठ्ठावन्नची होते. आता उडी मारायचीय मला."

साहेबांनी मान वर केली. फक्कीच्या रेघेच्या आत नुसती जमीन होती, कोरडी, घट्ट, तरी त्यांनी आपले पाय मागं ओढून घेतले. त्यांनी ठेकेदारबाईंना आकडा सांगितला. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना ऐकू गेला नाही.

"किती म्हणालात, साहेब?"

"आठ," साहेब म्हणाले. "आठ फूट लिहा."