नाव घातलेला डबा

मिरज स्टेशनवर आईनं शिऱ्याचा डबा हातात दिला. स्टीलचा, झाकणावर माझं माहेरचं नाव घातलेला. "कुणाचं भांडं रिकामं परत करू नकोस," एवढंच म्हणाली. लेक सातासमुद्रापार चाललीय आणि हिला भांड्यांची पडलीय, म्हणून मला रागच आला.

मँचेस्टरला आल्यावर कळलं, भांडं द्यायला-घ्यायला आधी माणूस लागतं. तुम्हा मिरजकरांपैकी जे इकडे आलात त्यांना हे सांगायला नको. आमचे हे हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंट या मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली, ऑन-कॉल असले की घरी फिरकत नसत. दिवसभर तोंडातून शब्द निघायचा नाही. मी कुकरशी बोलायची. तो निदान शिट्टी तरी द्यायचा.

मग एका रविवारी पास्टरबाई दारात उभ्या, म्हणजे शेजारी राहणाऱ्या, चर्चमध्ये प्रवचन करणाऱ्या पास्टरांच्या बायको. नवरा-बायको दोघंही मूळचे जमैकाचे. हातातल्या फुलाफुलांच्या वाडग्यात नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात. नारळाचा वास आला आणि मी त्यांच्यासमोरच रडले. वाडगा परत करताना त्यात शिरा भरला. पुढे तो वाडगा येत-जात राहिला, माझा डबाही तिकडे जाऊ लागला आणि तळलेली केळी घेऊन परत येऊ लागला.

पास्टर कुंपणावरून एक गोष्ट नेहमी सांगायचे. अमेरिकेत गुलामी संपल्यावर लोकांनी एका काळ्या पास्टरला निवडून विधिमंडळात पाठवलं. काही वर्षांत गोऱ्यांनी त्याला तिथून घालवलं, तर तो परत येऊन आपल्या चर्चमध्ये उभा राहिला. ही गोष्ट सांगता सांगता एक दिवस ते स्वतःच कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या निवडणुकीला, उभे राहिले.

मला म्हणाले, "सिस्टर, यू हॅव अ व्होट हिअर. कम अँड नॉक ऑन सम डोअर्स विथ अस." भारत कॉमनवेल्थमधला, म्हणून आपल्या पासपोर्टवरही इथे मत देता येतं.

हे घाबरले. "अगं, आपण इथे पाहुणे. कन्सल्टंटच्या कानावर गेलं तर पुढच्या नोकरीसाठी लागणाऱ्या माझ्या रेफरन्सचं काय?"

"पाहुण्याला कुणी विचारतं तरी, अहो. आपल्याला या दोघांशिवाय कोण विचारतं?" मी म्हटलं आणि कोट चढवला.

किती दारं तोंडावर आपटली! एकजण 'गो होम' म्हणून ओरडला. मी फाटकाकडे मागे फिरले. पास्टर मात्र टोपी काढून म्हणाले, "आय ॲम होम, सर. सी यू ऑन थर्सडे." मतदान गुरुवारी होतं. ते निवडून आले, तेव्हा मी सगळ्या गल्लीत शिरा वाटला. त्या वर्षी मला एकटं वाटलं नाही.

पुढे एका निवडणुकीत ते पडले आणि रविवारी पुन्हा चर्चमध्ये उभे राहिले, त्यांच्या गोष्टीतल्यासारखेच. मग रिटायर होऊन दोघं जमैकाला परत निघाले. टॅक्सी दारात होती. पास्टरबाईंनी माझा डबा छातीशी धरला. "आय कान्ट गिव्ह इट बॅक एम्प्टी, कॅन आय?" सामान सगळं बांधलेलं, घरात साखरेचा कणही नव्हता. डबा त्यांच्याबरोबर गेला. मागच्या खेपेला आलेला त्यांचा वाडगा माझ्याकडे राहिला.

आता आई नाही. तुमच्यापैकी जे तिकडेच राहिलात ते फोनवर विचारता, घरी कधी येणार? खरं सांगू? मिरजेला आले की वहिनी पाहुण्यांचे कप काढते. इकडे शेजारचं घर रिकामंच, खिडकीला अजून पडदे नाहीत. रविवारी मी त्या वाडग्यात राजमा-भात काढते आणि एकटीच जेवते, हे अजून हॉस्पिटलातच असतात. पण लांब कुठेतरी एका फळीवर माझं नाव घातलेला डबा आहे, आणि तो भरून परत द्यायचा राहिलाय हे तिथल्या बाईला ठाऊक आहे. घर म्हणून माझ्याकडे आता तेवढंच आहे.