दुसऱ्या चक्कीचं पीठ

उज्वला कणसे निवांत बसलीय, असं कोपरखैरण्यात कुणी पाहिलं नसेल. चौदा वर्षं ती पिठाची गिरणी चालवत होती. दळण चालू असलं की उभी, बंद असलं की हातात झाडू, झाडून झालं की डबे पुसत. नवरा सयाजी तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. तो पहाटे जायचा, दुपारी येऊन आडवा व्हायचा आणि म्हणायचा, "जरा टेक की गं." ती टेकायची नाही. टेकलं की डोक्यात चक्की सुरू होते, असं तिचं म्हणणं.

गिरणीत दोन चक्क्या. एक गव्हाची, दुसरी ज्वारी, बाजरी आणि तांदळाची. "माझ्या गव्हाआधी बाजरी टाकू नका हं," असं बजावून जाणाऱ्या बायका रोजच्याच. पिठाचा रंग बदललेला त्यांना चालत नसे. उज्वलाही दळण बदललं की मूठभर दाणे आधी दळून बाजूला काढायची. तिच्या दृष्टीनं तेवढ्यानं दगड साफ.

गेल्या वर्षी तिचं पोट बिघडलं. दुपारी चपाती खाल्ली की पोट ढोलासारखं व्हायचं, अंगात शीण भरायचा. समोरच्या सोसायटीतल्या जिममध्ये शिकवणारा कुलदीप नाचणी दळायला यायचा. तो म्हणाला, "मावशी, गहू बंद करा. ग्लुटेन असतं त्यात. आतड्याला चिकटून बसतं. स्लो पॉयझन आहे."

उज्वलाला ते लगेच पटलं. कणकेचा गोळा नळाखाली धुतला की पांढरं पाणी वाहून जातं आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो, हे तिनं कितीदा पाहिलं होतं. तेच ते ग्लुटेन. हे आपल्या पोटात असंच साचत असणार, असं तिच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवसापासून चपाती बंद. चपातीबरोबर चहातली खारी गेली, टोस्ट गेले, सकाळचा वडापाव गेला, गिरणीत उभ्या उभ्या संपणारा बिस्किटांचा पुडा गेला. तीन आठवड्यांत पोट हलकं झालं. मग तिला राहवेना. येईल त्या बाईला ती गहू सोडायला सांगू लागली. कुलदीपनं जिममधली माणसं पाठवली. सोसायटीच्या बायका ज्वारीचं तयार पीठ मागू लागल्या. उज्वलानं रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली, "ग्लुटेन फ्री पीठ मिळेल."

ती पाटी वाचून नंदिनी बर्वे गिरणीत आली. पलीकडच्या सेक्टरमध्ये राहणारी, बँकेत नोकरी करणारी, चाळिशीतली बाई. बरोबर तिची मुलगी वैदेही. सहावीत होती, पण दिसायला तिसरीतली वाटे.

"ताई, हिला सिलिॲक आहे," नंदिनी म्हणाली. "गव्हाचा कणसुद्धा चालत नाही. तुमची चक्की वेगळी आहे ना?"

"व्हय, वेगळीच हाय की ती. दुसरी."

"नक्की?"

"म्याडम, मी सोता त्येच पीठ खाते."

नंदिनी पीठ घेऊन गेली. ती गेल्यावर उज्वलाला आठवलं, पहिल्या चक्कीच्या दगडाला टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं ठोकून धार काढायची असते तेव्हा गहू दुसरीवरच जातो. गणपती-दिवाळीच्या गर्दीतही जातो. सांगावं का, असं क्षणभर वाटलं. तेवढ्यात पुढचं दळण आलं.

चार महिने नंदिनी दर पंधरवड्याला येत राहिली. मग एका दुपारी ती एकटीच आली. गिऱ्हाईक नव्हतं. तिनं पर्समधून कागद काढला, उघडला आणि न दाखवताच परत घडी घातली.

"वैदेहीच्या रक्ताचा रिपोर्ट वाढलाय. मधे खाली आला होता, आता परत वर. डॉक्टर म्हणतात, कुठून तरी गहू पोटात जातोय. मी सगळं घर शोधलं, ताई. हिंगात गव्हाचं पीठ असतं, तो दोन वर्षांपूर्वीच बदललाय. सॉस, मसाले, सगळं वाचलं. आता तुमचं पीठ तेवढं राहिलंय."

"माज्या पिठात गहू न्हाई." उज्वलाचा आवाज चढला. "एवढी माणसं नेत्यात. कुणाला काय झालं न्हाई."

"त्यांना होणारच नाही. त्यांना हा आजार नाहीये."

नंदिनी भांडली नाही. पीठ न घेता निघून गेली. उज्वलानं चक्की सुरू केली, बंद केली. कोपरा झाडला, पुन्हा झाडला. मग घरी जाऊन काळा तवा घासून पुसून आणला आणि बंद असलेल्या दुसऱ्या चक्कीवर ठेवला. पहिल्या चक्कीवर गव्हाची दळणं चालू केली. अर्ध्या तासानं तव्यावर बोटानं रेघ ओढली. बसलेल्या पिठात रेघ स्वच्छ उमटली. दुसऱ्या चक्कीच्या तोंडाला बांधलेली कापडी बाही तिनं सोडून उलटी केली. शिवणीत पिवळसर पिठाचा थर बसला होता. ज्वारीचं पीठ असं पिवळं नसतं, हे तिला सांगायला कुणी नको होतं.

सयाजी झोपेतून उठून गिरणीत आला. तिनं तवा दाखवला.

"एवढ्या चिमटीनं काय हुतंय?" तो म्हणाला. "गप ऱ्हा. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय न्हवं."

संध्याकाळी ती नंदिनीच्या दारात उभी राहिली. आत या म्हटलं तरी जाईना. चपला घालूनच सगळं सांगितलं, टाकी लावायच्या दिवसांचं, सणांच्या गर्दीचं, तव्याचं. नंदिनी दाराची कडी धरून ऐकत होती.

"चार महिने," ती शेवटी म्हणाली. "चार महिने मी पोरीला ओरडतेय, शाळेत कुणाच्या डब्यातलं खाल्लंस म्हणून. एकदा हात उचलला मी तिच्यावर."

आतल्या खोलीच्या दारात वैदेही येऊन उभी होती. ती आईकडे बघून म्हणाली, "मी सांगत होते ना, नाही खाल्लं."

नंदिनी वळली आणि मुलीजवळ गेली. दार उघडंच राहिलं. उज्वला जिना उतरली. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं तिनं नंतर सयाजीला सांगितलं.

सकाळी तिनं पाटी उतरवली. पण पाटी उतरवून भागेना. तयार पीठ नेणाऱ्यांत आणखी कुणी असा आजारी असेल तर? पंधरा-वीस घरं तिला तोंडपाठ होती. गिरणी बंद ठेवून ती इमारतींचे जिने चढली. प्रत्येक दारात एकच प्रश्न, "गहू आवडीनं सोडलाय का डॉक्टरनं सोडायला लावलाय?" कुणी हसलं, कुणी घाबरलं. एकीनं विचारलं, "मग आता आम्ही काय खायचं?" दोन घरांना कुलूप होतं. भाडेकरू सोडून गेले होते, नंबर कुणाकडेच नव्हता.

कुलदीप चिडला. "मावशी, लोकांना कशाला घाबरवताय? थोडं पीठ उडालं तर जिमवाल्यांना काय फरक पडतो?"

"मग तू त्येला पॉयझन कशाला म्हणत हुतास? थोडं पॉयझन चालतंय व्हय?"

कुलदीप नाचणीची पिशवी उचलून निघून गेला. त्यानं दळण दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. बरीच गिऱ्हाइकंही गेली.

आता उज्वलाच्या जिवाला वेगळाच घोर लागला. आपलं पोट गहू सोडल्यावर बरं झालं, म्हणजे आपल्यालाही तोच आजार? ती पालिकेच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तपासणीआधीच गहू सोडलात, तिथेच घोटाळा झाला. या आजारात शरीर ग्लुटेनला शत्रू समजून स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक तंतू असतात, ते झिजून सपाट होतात. मग अन्न अंगी लागत नाही, मुलांची वाढ खुंटते. रक्तात त्याची खूण दिसते. पण गहू बंद असला की खूणही पुसट होते. सहा आठवडे रोज चपाती खा, मग या."

"विष म्हणून सोडलं, त्येच खाऊ?"

"त्याशिवाय कळणार कसं?"

ते सहा आठवडे तिनं कसे काढले तिलाच ठाऊक. पहिली चपाती तिनं उभ्यानंच खाल्ली आणि तासभर पोटावर हात ठेवून फिरत राहिली. जरा गुडगुडलं की वाटे, झालं. घास गिळताना डोळ्यांसमोर वैदेहीची काडीसारखी मनगटं यायची. सयाजी तिच्या ताटात दोन चपात्या वाढायचा. बिस्किटं, खारी मात्र तिनं पुन्हा घरात आणली नाहीत. हळूहळू तिच्या लक्षात आलं की पोट पूर्वीसारखं फुगत नाही. त्यावरही तिचा विश्वास बसेना.

रिपोर्ट साफ आला. सिलिॲकची खूण नव्हती. रक्त मात्र फारच कमी होतं.

"शीण त्याचाच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला गव्हाचं काही नाही. काहींना हा आजार नसूनही गहू सोसत नाही, पण तुम्ही तर सहा आठवडे चपाती पचवलीत. तुम्ही गहू सोडला म्हणताना मैदा, तळण, साखर आणि उभ्यानं खाणं सोडलंत. आराम त्यानं पडला. शंभरात एखाद्याला हा आजार असतो, त्यानं आयुष्यभर कणही खायचा नाही. बाकीच्यांनी गहू सोडला म्हणून तब्येत जास्त चांगली होते असं नाही. ज्वारी खा, नाचणी खा, चांगलीच आहे. गव्हाला भिऊ नका, एवढंच."

बाहेर आल्यावर तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट रागच आला, आणि तो नेमका कुणावर काढावा ते कळेना. ज्यांना गहू सोडायची गरज नव्हती त्यांना तिनं तो सोडायला लावला. आणि जिला कणही चालत नव्हता, तिला तिनंच तो खाऊ घातला.

दिवाळीनंतर नंदिनीचा फोन आला. आवाज कोरडाच होता. "आम्ही घरघंटी घेतलीय. पण दुकानातून आणलेल्या ज्वारीतच गव्हाचे दाणे निघतात. मला नीट निवडायला जमत नाही. तुम्ही याल?"

उज्वला अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून गेली. गिरणीतलं पीठ अंगावरून त्या घरात जायला नको म्हणून. जमिनीवर चादर अंथरून तिनं ज्वारी पसरली आणि दाणा कसा ओळखायचा ते वैदेहीला शिकवलं. गोल तो आपला, लांबट आणि पोटावर चीर असलेला तो गव्हाचा. पोरीचे डोळे तेज होते. तासाभरात तिनं वाटीत तेवीस दाणे जमवले.

"मावशी, एवढ्या दाण्यांनी मी आजारी पडते?"

"व्हय गं." उज्वलानं वाटी आपल्याकडे ओढली. मग म्हणाली, "माज्यामुळं तुला आईचा मार बसला."

वैदेहीनं मान हलवली. "आईनं सॉरी म्हटलंय. तुम्ही पण म्हणा."

उज्वलानं म्हटलं. नंदिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिनं चहाचे तीन कप भरले आणि एक उज्वलासमोर ठेवला.

त्यानंतर दर रविवारी ती निवडायला जाऊ लागली. आठ महिन्यांनी वैदेहीचा रिपोर्ट बराच खाली आला, उंची चार सेंटीमीटर वाढली. गिरणीत आता नवी गिऱ्हाइकं आली आहेत. कुणी ज्वारी दळायला आणली की उज्वला आधीच सांगते, इथं गव्हाचं पीठ उडतं, घरात असा आजारी असेल तर इथून नेऊ नका. लोकांना तिचं बोलणं विचित्र वाटतं.

सयाजी म्हणतो, आता तरी टेक. पण ती अजून त्या दोन कुलपांच्या घरांबद्दल विचारत असते. गेल्या महिन्यात कुणीतरी सांगितलं की त्यातलं एक कुटुंब जुईनगरला गेलंय. पत्ता नाही, आडनावही नीट माहीत नाही. तरी मंगळवारी गिरणी बंद असताना तिनं पायात चपला सरकवल्या, आणि "कुठं निघालीस?" असं सयाजी विचारेपर्यंत ती जुईनगरला जायला जिना उतरू लागली होती.