टँकर सरळ लावला होता की उलटा?

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी गाडी मी रिव्हर्स घेऊनच लावतो, तोंड रस्त्याकडे. बायको म्हणते, "आता कुठं छापा घालायला जायचंय?" पोलीस ठाण्याची सवय, दुसरं काय! फोन आला की जीप थेट बाहेर पडली पाहिजे. आवारात मागं-पुढं करत बसलं तर चोर पुढच्या तालुक्यात पोचायचा. कुणी यावर वाद घातला की मला लातूरचं एक प्रकरण हटकून आठवतं.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिकडंतिकडं सरकारी इमारतींची बांधकामं, आणि त्यात दुष्काळ. टंचाईच्या गावांना पाणी पोचवायला प्रशासनानं खासगी टँकर सक्तीनं कामाला लावले होते. त्यातला एक चोरीला गेल्याची फिर्याद मालकानं दिली. संशय त्याच्याच ड्रायव्हरवर. "चावी त्याच्याकडंच ऱ्हाती साहेब," एवढाच पुरावा.

ड्रायव्हरला चौकशीसाठी आणलं. नुकतीच त्याची सरकारी खात्यात ड्रायव्हर म्हणून निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच टेबलावर होता. आरोपी म्हणून नाव लागलं की नोकरी गेली. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती. रडत नव्हती, त्याचाच मला जास्त त्रास होत होता.

"मालकाशी काही भांडण?" मी विचारलं.

"भांडण न्हाई साहेब. मी टँकर उलटा लावायचो, सकाळी निघायला सोपं पडतंय म्हनून. त्यान्ला ते खपत नव्हतं. म्हनायचे, लक्ष्मी घरात पाठमोरी येती का? रोज पुन्ना सरळ लावायला लावायचे."

मी मनात हसलो आणि पुढचा प्रश्न विचारला.

दुसऱ्या दिवशी मुरुडकडच्या एका मेंढपाळानं खबर दिली. "साहेब, रस्त्यावर पान्याची रेघ हाय. मेंढरं चाटायलीत, हलंनात!" दुष्काळात ओला रस्ता? आम्ही रेघ धरून निघालो. एका शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये टँकर उभा होता, तोंड भिंतीला टेकवून. जवळच्याच बांधकामावर पाणी विकलं जात होतं, पण विकणारा कोण ते कुणी सांगेना. शेडजवळ चिटपाखरू नव्हतं.

भिंतीला टेकलेलं ते तोंड पाहून मला ड्रायव्हरचं बोलणं आठवलं. पण असा पुरावा कोर्टापुढं नेला असता तर हसं झालं असतं. मी मालकाला बोलावलं, चहा मागवला आणि टँकर सापडल्याचं सांगितलं. कुठं आणि कसा, ते पोटात ठेवलं. मग सहज म्हणालो, "तुमचा ड्रायव्हर वस्ताद निघाला. पाण्याची तोटी मागं असते ना, म्हणून टँकर चक्क उलटा घातलाय आत."

मालकानं बशी खाली आदळली. "उलटा कसा आसंल? लक्ष्मी हाय ती माझी! मी सोता तोंडानं आत..."

जबाब लिहिणारा हवालदार माझ्याकडं बघत होता. नंतर सगळं आपोआप बाहेर आलं. सरकारी खेपा चुकवून बांधकामाला पाणी विकायचं होतं. शेड मेहुण्याचं होतं, आणि त्यानंही कबुली दिली.

चौकशीत मला एक गोष्ट कायमची कळली. खोटं बोलताना माणूस वेळ सांभाळतो, साक्षीदार सांभाळतो, पण त्याच्या देवाला नावं ठेवा, तो लगेच खरं बोलतो.

ड्रायव्हरच्या कागदावर मी त्याच्यासमोर सही केली. वाटलं, आता हा पाया पडेल नाहीतर शिव्या घालील. शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकूनही घेतल्या असत्या. त्यानं विचारलं, "साहेब, पंचनाम्यातनं टँकर कवा सुटंल? माझ्या खेपंच्या गावाला पानी गेलं नसंल."

एवढ्या चौकशीत मालकानं त्या गावाचं नाव एकदाही काढलं नव्हतं. पुढं नोकरीभर, ठाण्यातून सुटणारा माणूस पहिला प्रश्न कोणता विचारतो, तो मी कान देऊन ऐकला.